शाळेची पाहणी मुलांनी करावी काय?

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालक-शिक्षक सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या सभेत काय बोलावे याचा एक ठरीव शिरस्ता आहे. पहिली खोली कोणी बांधली, विहीर कोणी खणली, घंटा कोठून आणली, कोणत्या वर्षी किती वर्ग झाले हे सांगावयाचे. दिवंगतांचे स्मरण करावयाचे. देणगीदारांचे आभार मानावयाचे. हे सर्व योग्यच आहे आणि ह्या स्मरणिकेच्या इतर पानांवर ते यथास्थित आलेले आहे. त्याची पुनरुक्ती न करता आम्ही आज निराळ्याच हिशेबाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. पन्नास वर्षांत शाळेच्या भिंती किती वाढल्या हे आपणांस ठाऊक आहे. परंतु त्या भिंतींच्या आत मुलाचा एक दिवस कसा जातो हे आपणांस कितपत ठाऊक आहे? आणि ते जाणून घ्यावयाचे तर कोणास विचारावे?

आमचे उत्तर असे की, मुलांस विचारावे. एवढेच नव्हे, तर विचारण्याचे, मोजण्याचे आणि ताडून पाहण्याचे कामही मुलांच्याच हाती द्यावे. हे उत्तर आम्हांस प्रथम ग्रंथांत सापडले नाही. मुलांनी आमची चूक आमच्या पदरात घातली, तेव्हा ते सापडले. म्हणून ती हकीकत आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी ह्याच जिल्ह्यात, घाटाखालच्या एका शाळेची देखरेख आमच्याकडे होती. शाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. दोष मुख्यतः आमचा होता. तेथे असा नियम होता की, प्रार्थनेची घंटा झाली की फाटक बंद. मागाहून येणाऱ्याने पहिला तास संपेपर्यंत बाहेर उभे राहावयाचे, आणि असे तीन वेळा झाले की घरी परत जाऊन पालकांस घेऊन यावयाचे. नियम आम्ही घातला नव्हता. पण चालविला मात्र मोठ्या निष्ठेने. सेमिनरीत आम्ही घंटेवर उठलो, घंटेवर जेवलो, घंटेवर मौन धरले. ज्या शिस्तीने आमचे कल्याण केले ती ह्या मुलांचे अकल्याण कसे करील, असा आमचा सरळ हिशेब होता. आठवीतील एका मुलास आम्ही स्वतः तिसऱ्यांदा परत पाठविले. तो पालकांस घेऊन आला नाही, आणि पुढे तोही आला नाही. काही महिन्यांनी पटावरून त्याचे नाव कमी झाले. आम्ही हळहळलो, आणि मुलास अभ्यासाची गोडी नव्हती असे स्वतःस सांगून मोकळे झालो.

पुढील वर्षी समाजशास्त्र शिकविणाऱ्या बाईंनी नववीच्या मुलांस सांगितले की, आपल्या शाळेतील एखादा प्रश्न निवडा आणि त्याचा अभ्यास करा. एका गटाने विषय निवडला 'उशीर'. बाई परवानगी मागावयास आल्या, तेव्हा आम्ही हसून ती दिली. मुलांचा आळस आता मुलांच्याच हातून सिद्ध होईल, असे आमच्या मनात होते, हे कबूल केले पाहिजे.

त्या मुलांनी महिनाभर फाटकाजवळच्या चिंचेखाली एक वही ठेविली. उशिरा येणाऱ्याची वेळ, त्याचे गाव, तो पायी आला की गाडीने, आणि उशिराचे कारण एवढे त्या वहीत टिपावयाचे. नाव मात्र लिहावयाचे नाही. पुढे त्यांस असे सुचले की, केवळ उशिरा येणाऱ्यांस विचारून भागणार नाही. जे वेळेवर येतात तेही किती वाजता उठतात आणि निघण्यापूर्वी घरचे कोणते काम करतात हे विचारले पाहिजे, नाहीतर फरक कशाचा हे कळणार कसे? हे त्यांस कोणी शिकविले नव्हते. समाजशास्त्राचा अर्धा पाया त्या एका प्रश्नात आहे.

महिन्याअखेर त्यांनी शिक्षकांच्या खोलीत आपले निष्कर्ष वाचून दाखविले. पहिला असा की, उशिराच्या बहुतेक नोंदी दोनच गावांच्या होत्या. त्या गावांहून येणारी सकाळची गाडी आपल्या ठरल्या वेळेसच येत असे. आमची घंटाच तिच्या आधी होत असे. दुसरा असा की, उन्हाळा लागल्यावर उशिरा येणाऱ्यांत मुली वाढत, कारण घरचे पाणी भरल्याखेरीज त्यांस निघता येत नसे. तिसरा असा की, ज्यांचे आईबाप ऊसतोडणीस गेले होते आणि जी आजीजवळ राहिली होती, ती मुले स्वतः भाकरी करून, धाकट्यांस अंगणवाडीत पोचवून मग येत. वेळेवर येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांच्या वाट्यास यांतील एकही काम नव्हते.

चौथा निष्कर्ष वाचण्यापूर्वी ती मुलगी थांबली आणि तिने बाईंकडे पाहिले. बाईंनी मान हलविली. तिने वाचले की, काही मुले वेळेवर येतात, परंतु चिंचेच्या आड उभी राहतात आणि फाटक बंद झाल्यावरच पुढे होतात. गृहपाठ झाला नसला म्हणजे पहिल्या तासाला सर्व वर्गादेखत जे ऐकावे लागते, त्यापेक्षा बाहेर उभे राहणे त्यांस सोपे वाटते.

बंधुभगिनींनो, जे कुलूप आम्ही शिक्षा म्हणून लावीत होतो त्याचा ती मुले आडोसा करीत होती. आम्ही रोज त्या फाटकावरून जात होतो आणि आम्हांस हे दिसले नव्हते. आणि मागील वर्षी गेलेला तो मुलगा त्या दोन गावांपैकीच एका गावचा होता. तो आळशी नव्हता. तो गाडीने येत होता.

आता प्रश्न असा की, आम्हांस हे का दिसले नाही? आम्ही निष्ठुर होतो असे नव्हे. शाळेत वावरणारा वडीलधारा मनुष्य शाळा नेहमी पुढून पाहतो. तो वर्गात शिरला की मुले उठून उभी राहतात, भांडणे थांबतात, चेहरे बदलतात. मागील बाकावरून शाळा कशी दिसते, मधल्या सुट्टीत कोण एकटा बसतो, डबा उघडताना कोण पाठ करून बसतो, कोणती मुलगी शौचालयास जावे लागू नये म्हणून दिवसभर पाणी पीत नाही, हे त्यास दिसणे जवळजवळ अशक्य असते. सेमिनरीत आम्हांस रोज रात्री आत्मपरीक्षण करावयास शिकविले होते. त्याची योग्यता आम्ही जाणतो; पण अनुभवाने त्याची मर्यादाही कळली. मनुष्य स्वतःची तपासणी करू लागला म्हणजे ज्या दोषांची त्यास आधीच ओळख आहे तेच त्यास सापडतात. जे दोष दुसऱ्यास भोगावे लागतात ते दुसऱ्यानेच सांगावे लागतात. व्यक्तीचे जे, तेच संस्थेचे.

मुलांनी वडीलधाऱ्यांच्या व्यवस्थेकडे डोळे उघडून पाहावे, ही कल्पना आपल्या भूमीत परकी नाही. १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्राने मुक्ता साळवे ह्या विद्यार्थिनीचा निबंध छापला. ती जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकत होती आणि तिचे वय सुमारे चौदा वर्षांचे होते. मांग आणि महार यांच्या दुःखाविषयी तिने जे लिहिले ते ऐकीव नव्हते. घरावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या स्त्रियांचे हाल तिने पाहिले होते. तिची शाळा ह्यासाठी थोर की, तिने केवळ अक्षरे शिकविली नाहीत. पाहिलेले सांगण्याचे धैर्य दिले आणि ते सांगणे छापून येऊ दिले.

आणि आमच्या बुलढाण्याचे काय? १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' हा ग्रंथ लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे बुलढाण्याच्याच. त्यांचे शिक्षण वडिलांनी घरीच केले. त्या काळी स्त्रियांवर जे दोष सर्रास लादले जात ते त्यांनी एकेक करून घेतले आणि पुरुषांच्या वर्तनाशेजारी ठेवून विचारले की, हा दोष नेमका कोणाच्या ठायी अधिक आहे? ग्रंथाच्या नावातच पद्धती आली आहे. चिंचेखालच्या मुलांनी उशिरा येणाऱ्यांस आणि वेळेवर येणाऱ्यांस एकच प्रश्न विचारला, तेव्हा त्यांनी नकळत ताराबाईंचीच तुलना हाती घेतली होती. ह्या जिल्ह्याने ती विद्या बाहेरून आणण्याचे कारण नाही.

विदर्भातच, वर्धा येथे १९३७ च्या ऑक्टोबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली आणि तीतून नयी तालीम निघाली. सेवाग्रामच्या शाळेत मुले आपल्यातून मंत्री निवडीत, आणि स्वयंपाक, सफाई इत्यादी कामांचा हिशेब सर्वांच्या सभेपुढे ठेवीत. आपल्या शाळेचे काय चालले आहे हे मुलांस कळले पाहिजे आणि त्यांस त्याविषयी बोलता आले पाहिजे, हे तत्त्व त्यात होते.

आता एका धर्मगुरूची हकीकत सांगतो. कारण ती ह्या विषयाच्या अगदी मुळाशी जाते. इटली देशात फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरात बार्बियाना नावाचे लहानसे खेडे आहे. १९५४ च्या डिसेंबरात डॉन लोरेंझो मिलानी ह्या तरुण धर्मगुरूंस तेथे धाडण्यात आले. घरे विखुरलेली, वस्ती शेतकऱ्यांची. सरकारी शाळेत नापास होऊन बाहेर पडलेल्या मुलांसाठी त्यांनी आपल्या राहत्या घरीच शाळा काढिली. ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत चाले आणि वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस चाले. पुढे तेथील मुले शिक्षक होण्याच्या परीक्षेस बसली आणि नापास झाली. तेव्हा त्यांतील आठ मुलांनी त्या नापास करणाऱ्या बाईंस एक पत्र लिहावयास घेतले. ते लिहिता लिहिता सुमारे वर्ष गेले आणि त्याचे पुस्तक झाले. १९६७ च्या मे महिन्यात ते प्रसिद्ध झाले. मराठीत ते 'प्रिय बाई' ह्या नावाने आलेले आहे.

त्या पुस्तकाची ख्याती त्यातील संतापामुळे झाली असे पुष्कळांस वाटते. आमच्या मते त्याचे बळ त्यातील आकड्यांत आहे. त्या मुलांनी शाळांची हजेरीपत्रके व निकालपत्रके मिळविली, सरकारी आकडेवारी घेतली, आणि कोणत्या बापाचे मूल कोणत्या इयत्तेत गळते याचा तक्ता मांडला. इटलीत १९६२ च्या कायद्याने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण सर्वांसाठी एकसारखे केले होते. कागदावर दार सर्वांस उघडे होते. तक्त्याने दाखविले की, नापास होऊन बाहेर पडणारी मुले बहुतांशी शेतकऱ्यांची व मजुरांची होती, आणि टिकणारी सुखवस्तूंची. लिहिण्याची रीतही सांगण्याजोगी आहे. प्रत्येक मुलगा आपले म्हणणे सुट्या चिठ्ठ्यांवर लिहून आणी. मग सर्व चिठ्ठ्या एकत्र करून, सारख्या सारख्यांच्या राशी लावून, दुरुक्ती काढून टाकून, एकेक वाक्य सर्वांनी मिळून ठरवावयाचे. पुस्तकावर कोणा एकाचे नाव नाही. लेखक म्हणून 'बार्बियानाची शाळा' एवढेच आहे.

डॉन मिलानी त्या वेळी असाध्य रोगाने अंथरुणास खिळले होते. पुस्तक निघाल्यावर थोड्याच दिवसांत, २६ जून १९६७ रोजी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी ते वारले. पुढे २० जून २०१७ रोजी पोप फ्रान्सिस यांनी बार्बियानास जाऊन त्यांच्या थडग्यापाशी प्रार्थना केली.

त्याच १९६७ साली, जुलै महिन्यात, कार्डिनल जोसेफ कार्डाईन हेही निवर्तले. बेल्जियमच्या ह्या धर्मगुरूंनी १९२५ साली तरुण कामगारांची संघटना उभारली आणि त्यांस एक साधा मार्ग दिला: पाहा, पारखा, करा. आपल्या कारखान्यात काय चालते याची माहिती त्या पोरसवद्या कामगारांनीच गोळा करावयाची, तिचा विचार त्यांनीच करावयाचा, आणि उपायाचे पहिले पाऊलही त्यांनीच टाकावयाचे. पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ च्या आपल्या परिपत्रकात हा मार्ग तरुणांस शिकवावा असे सांगितले. सेमिनरीत हे तीन शब्द आम्ही पाठ केले होते, परीक्षेत लिहिले होते. परंतु त्यांतील पहिला शब्द आमच्या फाटकाजवळ उभे राहून नववीच्या मुलांनी पाळला, आम्ही नाही.

आपल्या महाराष्ट्रातही आज असे प्रयत्न चालू आहेत. मुंबईत 'पुकार' ह्या संस्थेने तरुणांचे गट करून त्यांस आपल्याच वस्तीतील एखाद्या प्रश्नाचा वर्षभर अभ्यास करावयास लाविले. त्यांत महाविद्यालयाचे तोंड न पाहिलेली मुलेही होती. संस्थेचे संस्थापक अर्जुन अप्पादुराई यांनी २००६ साली असे प्रतिपादन केले की, संशोधन हा थोड्या पंडितांचा मक्ता नसून प्रत्येकाचा हक्क आहे. शासनाच्या विज्ञानखात्यामार्फत १९९३ पासून राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद भरते. तीत दहा ते सतरा वर्षांची मुले लहान गट करून आपल्या परिसरातील प्रश्न हाती घेतात, पाहणी करितात आणि निष्कर्ष मांडितात. गावातील पाण्याची, कचऱ्याची, पिकांची पाहणी ज्यांस साधते त्यांस आपल्या शाळेतील वागणुकीची पाहणी का साधू नये? अडचण मुलांच्या बुद्धीची नाही. आपल्या धैर्याची आहे.

येथे कोणी विचारील की, अशाने प्रत्यक्ष काही सुधारते काय? ह्याचे एक उत्तर अमेरिकेतून मिळाले आहे. न्यू जर्सी राज्यातील ५६ शाळांत, २४,१९१ विद्यार्थ्यांमध्ये, २०१२-१३ च्या वर्षी एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांत सोडत काढून वीस ते बत्तीस मुलांचा एकेक गट निवडला. आपल्या शाळेत भांडणे व छळ नेमका कोणत्या प्रकारे चालतो हे त्या मुलांनीच ठरविले. मग त्याविरुद्ध त्यांनीच फलक लिहिले, आणि कोणी सलोख्याने वागताना दिसला की त्याच्या मनगटास नारिंगी पट्टी बांधिली. वर्षअखेर त्या शाळांत भांडणतंट्यांच्या तक्रारी सुमारे ३० टक्क्यांनी कमी भरल्या. २०१६ साली हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यातील एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्या मुलांस सोबती पुष्कळ, ती मुले त्या गटात जितकी अधिक, तितका परिणाम अधिक. ती मुले शिक्षकांच्या दृष्टीने 'आदर्श' असतीलच असे नव्हे. आपण बहुधा पहिल्या बाकावरील शहाण्या मुलास पुढे करितो. शाळेचे वळण मात्र मागील बाकावरचा मुलगा ठरवीत असतो.

मात्र उत्साहाच्या भरात एक सावधगिरी सुटू नये. पाहणी म्हणजे तर्क नव्हे. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस आपल्या शेगाव तालुक्यातील काही गावांत माणसांचे केस एकाएकी गळू लागले. गावोगाव अंदाज उठले. प्रथम संशय पाण्यावर गेला. पुढे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रोग्यांचे रक्त, मूत्र व केस तपासून त्यांत सेलेनियमचे प्रमाण वाढल्याचे दाखविले आणि त्याचा संबंध रेशनच्या गव्हाशी लाविला. मधल्या काळात ज्यांचे केस गेले त्यांस लोक बिचकू लागले. मुले शाळेत जावयास लाजू लागली. कारण ठाऊक होण्यापूर्वी बोट दाखविले म्हणजे आजाऱ्यासच आणखी दुखापत होते. शाळेतही असेच आहे. 'अमुक वस्तीची मुले उनाड', 'मुलींचे लक्ष नसते', ही वाक्ये म्हणजे न तपासलेले पाणीच होय.

सबब, ज्या शिक्षकबंधुभगिनींस हे काम हाती घेण्याची इच्छा असेल त्यांच्यासाठी आम्ही अनुभवाने शिकलेल्या चार गोष्टी सांगतो. प्रश्न लहान असावा आणि तो मुलांनी निवडलेला असावा; 'शिस्त' हा प्रश्न नव्हे, 'मधल्या सुट्टीत कोण कोठे बसतो' हा प्रश्न होय. नावे लिहू नयेत, आणि ज्यास सांगावयाचे नसेल त्यास सक्ती करू नये. पाहणी आणि चहाडी यांत हाच भेद आहे. एखाद्या मुलाने घरच्या किंवा शाळेतील गंभीर छळाची गोष्ट सांगितली, तर तिचे ओझे मुलांच्या वहीवर न टाकता ती त्याच दिवशी जबाबदार मोठ्या माणसाने हाती घ्यावी. आणि चौथी गोष्ट सर्वांत अवघड: ज्या प्रश्नाचे उत्तर ऐकण्याची आपली तयारी नाही तो मुलांस विचारू देऊ नये. कारण विचारून, ऐकून, कागद कपाटात ठेवून दिला, तर मुले एवढेच शिकतात की सत्य सांगणे व्यर्थ आहे. तो धडा ती जन्मभर विसरत नाहीत.

कित्येक पालक व शिक्षक आम्हांस म्हणतात, "फादर, अशाने मुले शेफारतील." आम्ही त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेत नाही. शिक्षकाचा मान टिकला पाहिजे. पण तो कशाने टिकतो? त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत, चौथा निष्कर्ष ऐकून, पहिला तास घेणारे आमचे एक वयस्क गुरुजी उठले आणि म्हणाले, "ते मी बोलतो. माझ्यामुळे ती मुले बाहेर उभी राहतात." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गृहपाठाची विचारपूस वर्गादेखत करण्याचे सोडून, मधल्या सुट्टीत एकेकास जवळ घेऊन करण्याचे सुरू केले. निवृत्त होईपर्यंत त्या गुरुजींइतका मान त्या शाळेत दुसऱ्या कोणासही मिळाला नाही. आमच्यासह.

कायदाही ह्या बाजूने उभा आहे. १९८९ च्या बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारनाम्याचे बारावे कलम असे सांगते की, मुलास आपणांसंबंधीच्या गोष्टींत मत मांडण्याचा हक्क आहे आणि ते मत विचारात घेतले पाहिजे. भारताने १९९२ साली तो करार मान्य केला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलास शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई केली. फाटकाबाहेर उभे करणे हा मानसिक त्रास आहे की नाही, याचा काथ्याकूट विद्वानांनी करावा. आम्हांस चिंचेखालची वही पुरेशी आहे.

त्या वहीनंतर काय झाले तेही सांगतो. नाहीतर गोष्ट अपुरी राहील. घंटा वीस मिनिटे पुढे ढकलली. फाटकाचे कुलूप काढले. आईबाप ऊसतोडणीस गेलेल्या मुलांची यादी करून त्यांच्या सकाळच्या खाण्याची सोय धर्मभगिनींनी आपल्याकडे घेतली. मुलींच्या पाण्याचा प्रश्न मात्र आमच्याने सुटला नाही. तो गावाचा प्रश्न होता आणि आजही कित्येक गावांत आहे. जे साधले नाही ते साधले म्हणून सांगणे महोत्सवातही शोभत नाही.

आणि तो मुलगा? आम्ही त्याच्या घरी गेलो. तो खामगावास कामास लागला होता. आईने पाणी दिले, बसावयास पोते अंथरले; रागाचा एक शब्दही काढला नाही. शाळेत परत पाठवा असे आम्ही विनविले. तिने "बघतो" म्हटले. तो आला नाही. वहीने पुढच्या मुलांची वाट मोकळी केली, त्याची नाही. यंदा नाताळच्या सुमारास तो आम्हांस रस्त्यात भेटला. आता तो मालाची गाडी चालवितो. त्याची मुलगी पहिलीत आहे. बराच वेळ बोलल्यावर, निघता निघता, त्याने सहज विचारले, "फादर, फाटक आता किती वाजता लावता?" आम्ही सांगितले, "लावीत नाही." तो "बरं" म्हणाला आणि गाडीत बसला.

पालकहो, महोत्सवाच्या वर्षी शाळेस काहीतरी भेट द्यावी अशी आपली इच्छा आहे, हे आम्ही जाणतो. भिंतीवरील घड्याळ, कपाट, ध्वनिक्षेपक हे सर्व आम्ही आनंदाने स्वीकारू. परंतु आमची एक विनंती आहे. येत्या जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा प्रत्येक वर्गास एकेक कोरी वही द्यावी. मुलांनी वर्षाकाठी एक प्रश्न स्वतः निवडून तीत त्याची पाहणी लिहावी. आणि वर्षअखेर ती वही शिक्षक, पालक व व्यवस्थापक यांनी एकत्र बसून, मधे न बोलता, अखेरपर्यंत ऐकावी. उत्तर द्यावयास एक महिना घ्यावा. पण उत्तर द्यावे. जे करता येईल ते करावे, आणि जे करता येणार नाही ते का करता येत नाही हे मुलांस सांगावे.

मुलांनो, तुम्हांस एवढेच सांगतो. पाहाल ते लिहा, मोजाल ते खरे मोजा, आणि जो तुमच्या गटात नाही त्यासही विचारा. आमच्याविषयी काही सापडले तर तेही लिहा. वाचताना थांबावेसे वाटले तर क्षणभर थांबा, पण वाचा.